पितळी चकती आणि तिची दंतकथा

दुसऱ्या महायुद्धातील लढाऊ विमानांच्या इंजिनांवर विपुल लेखन झाले आहे. साहित्याच्या अभ्यासकाने ते वाचायला घेतले, तर त्याला एक परिचित अनुभव येतो. एकच कथा पुस्तकामागून पुस्तकात थोड्याफार फरकाने भेटत राहते, आणि तिच्यात मूळ पाठ किती व प्रक्षेप किती, हा प्रश्न पडतो. बिअॅट्रिस शिलिंग यांच्या पितळी चकतीची कथा अशीच आहे.

कथा थोडक्यात सांगायची तर अशी. स्पिटफायर आणि हरिकेन या ब्रिटिश विमानांत रोल्स-रॉईसचे बारा सिलिंडरांचे, २७ लिटरचे मर्लिन इंजिन होते. पाठलाग चुकवण्यासाठी जर्मन मेसरश्मिट १०९ नाक खाली करून थेट सूर मारी. ब्रिटिश वैमानिकाने तसेच केले की त्याचे इंजिन आचके देऊन बंद पडे. मग शिलिंगबाईंनी मधोमध भोक असलेली एक चकती बसवली, आणि ब्रिटनची लढाई जिंकली गेली!

यातले शेवटचे वाक्य तारखांपुढे टिकत नाही. ब्रिटिशांच्या गणनेनुसार ती लढाई १० जुलै ते ३१ ऑक्टोबर १९४० या काळात झाली. चकती विमानतळांवर पोहोचली ती १९४१च्या आरंभी. म्हणजे लढाई त्या दोषासकटच लढली गेली. वैमानिक आधी विमान पालथे करून मग सूर मारीत, जेणेकरून इंधन आपल्या जागी राहावे. त्या मोसमात मर्लिनची ताकद वाढवली ती १०० ऑक्टेनच्या इंधनाने. एरवी सुमारे १,०३० अश्वशक्ती देणारे इंजिन त्यामुळे थोड्या वेळापुरते १,३००पर्यंत जाऊ शके. पण इंधनाच्या दर्जाला चेहरा नसतो, आणि कथेला चेहरा हवा असतो.

दंतकथेला एक गाफील इंजिनिअरही लागतो. जर्मन इंजिनांत इंधन थेट सिलिंडरमध्ये फवारले जाई, मग ब्रिटिशांना हे कसे सुचले नाही, असे विचारले जाते. वस्तुतः कार्ब्युरेटर ही विचारपूर्वक केलेली निवड होती. सुपरचार्जरमध्ये शिरण्यापूर्वी इंधनाचे बाष्प होताना हवा थंड होते. थंड हवा अधिक दाट, म्हणून शक्ती अधिक. या लाभाची किंमत सूर मारताना मोजावी लागे. इतिहासात चूक आणि तडजोड यांत फरक करावा लागतो, तो असा.

आता त्या चकतीकडे वळू. विमान एकाएकी खाली झुकले की कार्ब्युरेटरच्या टाकीतले इंधन वर उसळे आणि इंजिन क्षणभर उपाशी राही. पाठोपाठ तरंगीची झडप सताड उघडी पडून इंधनाचा लोंढा आत शिरे आणि इंजिन गुदमरे. चकतीच्या भोकातून इंजिनाला पूर्ण शक्तीसाठी लागेल तेवढेच इंधन जाई, त्यामुळे हा लोंढा थांबला. पहिला आचका मात्र राहिलाच. तो पुढे दाबावर चालणाऱ्या नव्या कार्ब्युरेटरांनी घालवला. चकतीचे मोल तिच्या साधेपणात होते. इंजिन न उतरवता, इंधनाच्या नळीत, विमानतळावरच ती बसवता येई.

हे काम करणाऱ्या शिलिंग १९३६पासून फार्नबरोच्या सरकारी विमानसंशोधन संस्थेत होत्या. मँचेस्टर विद्यापीठाची विद्युत अभियांत्रिकीची पदवी त्यांच्याजवळ होती, आणि ब्रुकलंड्सच्या शर्यतमार्गावर नॉर्टन मोटरसायकल ताशी शंभर मैलांहून अधिक वेगाने पळवल्याबद्दल मिळालेला सुवर्णतारकाही. चकतीला मात्र नाव पडले ते 'मिस शिलिंग्ज ऑरिफिस', म्हणजे 'कुमारी शिलिंगचे छिद्र'. यातला चावट श्लेष उघड आहे. शिवाय १९३८ सालीच त्यांचा विवाह झाला होता! एकाच नावात आदर, थट्टा आणि चूक तिन्ही सामावली आहेत. एका स्त्रीच्या बुद्धीला दाद देताना त्या काळाची जीभ कशी अडखळली, याचा हा पुरावाच म्हणावा लागेल.

क्यू येथील ब्रिटनच्या राष्ट्रीय अभिलेखागारात फार्नबरोचे तांत्रिक अहवाल जतन केलेले आहेत. अशा कागदांत नायक नसतात. तिथे दाब, प्रवाह, तारखा आणि फसलेले प्रयोग असतात. ते वाचून दंतकथा मोडली, तर शिलिंग लहान होतील अशी भीती वाटते. ती निराधार आहे. 'लढाई जिंकून देणारी बाई' हे विशेषण त्यांना एका चमत्काराशी बांधून टाकते, आणि मग १९६९पर्यंत त्याच संस्थेत त्यांनी केलेले काम कोणी विचारीत नाही. पाठचिकित्सेत प्रक्षिप्त ओळ काढल्याने कवी गरीब होत नाही. उरलेल्या ओळी खात्रीने त्याच्या ठरतात. शिलिंग यांच्या बाबतीतही, एक लढाई वजा केल्यावर जे उरते, ते निर्विवादपणे त्यांचे आहे.