नवतपा आणि फोटोचा कागद

१८५४ साली भोसल्यांचं राज्य खालसा करून इंग्रजांनी नागपूर घेतलं आणि त्याच वर्षी मुंबईत फोटोग्राफिक सोसायटी स्थापन झाली. दोन्हींचा एकमेकींशी संबंध नाही, पण फोटोची विद्या इथं आली ती इंग्रजांबरोबरच, आणि थंड देशात लिहिलेल्या कृती घेऊन. नागपुरात घरी फोटो छापण्याचा इतिहास त्यामुळे कॅमेऱ्यांपेक्षा हवामानाशी अधिक बांधलेला आहे. आज घरासाठी इंकजेट प्रिंटर निवडतानाही किमतीच्या आधी हवामान पाहावं, असं माझं मत आहे.

कृष्णधवल फिल्म धुताना डेव्हलपर साधारण २० अंश सेल्सिअस असेल, असं कृतीत धरलेलं असे. मे अखेरीच्या नवतप्यात पारा ४५च्या पुढं सरकतो, तेव्हा गच्चीवरच्या टाकीचं पाणी हात पोळतं. गरम द्रावणात फिल्मवरचा जिलेटिनचा थर फुगतो, मऊ पडतो, बोट लागलं तरी ओरखडतो. ट्रे बर्फाच्या परातीत ठेवून रात्री काम उरकणं हाच उपाय. मग १९७२ साली रंगीत फिल्मसाठी सी-४१ पद्धत आली आणि तिला लागत होते ३७.८ अंश. वरवर पाहता ही तर नागपूरसाठीच केलेली! अडचण अशी की त्यात फरकाची मुभा पाव अंशाहून कमी. प्रश्न उष्णतेचा नव्हता, तिच्या चढउताराचा होता, आणि तो थर्मोस्टॅटच्या यंत्राशिवाय सुटणारा नव्हता. लॅब स्वस्त आणि झटपट म्हणून जिंकली, असं सांगतात. ते खरं, पण अर्धंच. न्हाणीघरातल्या डार्करूममध्ये रंग सांभाळणं इथं फार जिकिरीचं होतं, म्हणूनही लोक रोल धुवायला बाहेर टाकू लागले.

इंकजेटनं हे काम पुन्हा घरात आणलं. १९९४ साली एपसनचा स्टायलस कलर ७२० डीपीआयची छपाई घेऊन आला. ना द्रावण, ना अंधार. मात्र हवामान सुटलं नाही, त्यानं फक्त जागा बदलली. शाई केसाहून बारीक छिद्रांतून उडते. उन्हाळ्याच्या कोरड्या हवेत यंत्र महिनाभर बंद राहिलं की ती छिद्रं बुजतात, आणि ती साफ करताना बरीच शाई वाया जाते. दुसरी गोष्ट हवेतल्या ओझोनची. २००० साली एपसनच्या स्टायलस फोटो १२७०चे प्रिंट काही घरांत थोड्याच दिवसांत नारिंगी पडले. सच्छिद्र कागदावरची डाय (विरघळलेल्या रंगाची) शाई ओझोननं खाल्ली होती, उन्हानं नव्हे. आपला कूलर दिवसभर बाहेरची हवा आत ओढतो. त्याच्या झोतासमोर उघडा टांगलेला डाय शाईचा फोटो लवकर विटणार, हा तर्क यातूनच निघतो.

मग सगळ्यांनी महागडा पिगमेंट शाईचा प्रिंटरच घ्यावा का? तसं नाही. पिगमेंटचे घन कण ओझोनला सहजी दाद देत नाहीत हे खरं, पण काच लावलेल्या चौकटीत किंवा अल्बममध्ये हवेचा झोत पोचतच नाही. तिथं सहा रंगांचा, डाय शाईचा इंकटँक प्रिंटर पुरेसा आहे. एपसनच्या एल८०५सारख्या यंत्रावर पासपोर्ट फोटो छापणारी दुकानं आपण पाहतोच. फोटो बिनकाचेचा भिंतीवर लावायचा असेल, तर मात्र पिगमेंटचे पैसे सार्थकी लागतात. लॅबमध्ये फोटो स्वस्त पडतो, हा आक्षेप मला मान्य आहे. लग्नाचे शंभर फोटो घरी छापण्यात शहाणपण नाही. घरचा प्रिंटर त्याला, ज्याला एकच फोटो सावल्या उजळून, कागद बदलून पुन्हा छापून बघायचा आहे आणि जो भर उन्हाळ्यातही आठवड्याला एखादं रंगीत पान काढेल. वर्षातून एकदा, दिवाळीनंतर फोटो छापणाऱ्या घरानं सरळ सीताबर्डीवरच्या लॅबमध्ये जावं.