ऐकण्याच्या जागा : ऑपेरा हाउस ते सभामंडप

मंडळी, आज आपण मालवणात बसून गिरगावात एक फेरी मारू.

चर्नी रोडला उतरलं की जवळच रॉयल ऑपेरा हाउस. १९११ साली पंचम जॉर्ज राजानं त्याचं उद्घाटन केलं. दर्शनी भागावरची त्रिकोणी शिल्पपट्टी, आतली झुंबरं आपण पाहतोच. पण मान वर करून घुमट पाहा. वरच्या गॅलरीतल्या स्वस्त तिकिटालाही नटाचा शब्द पोचावा, असं ते छत बांधलं. बालगंधर्व, दीनानाथ इथं गायले, ते ध्वनिक्षेपकाविना.

समोरच्या फ्रेंच पुलापाशी प्रा. बा. र. देवधरांचं संगीत विद्यालय. कुमार गंधर्व इथंच शिकले. पुढं ग्रँट रोडला नाना शंकरशेटांच्या पुढाकारानं १८४६ साली नाटकगृह उभं राहिलं; १८५३ मध्ये विष्णुदास भाव्यांनी तिथं खेळ केले. त्यापलीकडं पिला हाउस. मूळ शब्द 'प्ले हाउस', लोकांच्या जिभेनं तो आपलासा केला. इथल्या नाटकगृहांची पुढं सिनेमागृहं झाली.

शिकणं, गाणं, ऐकणं असं सगळं पायी फिरण्याच्या अंतरात होतं. संगीताचं शहर म्हणतात ते याला.

आता आपल्या जत्रेत या. दशावताराला फारसं नेपथ्य लागत नाही. एक बाकडं मांडलं की झाला दरबार. संवाद लिहिलेले नसतात. समोरचा काय बोलला ते ऐकूनच राजा राक्षसाला उत्तर देतो. म्हणजे ऐकू आलं नाही, तर नाटकच थांबलं! कौलारू छप्पर, लाकडी खांब, उघड्या बाजू, सारवलेली जमीन यांमुळं आमच्या जुन्या सभामंडपात आवाज घुमत नसे. आपल्या सुतार-गवंड्यांनी बांधलेलं ते नाट्यगृहच होतं. आम्ही मात्र त्याला कधी वास्तुकला म्हटलं नाही.

मुंबईचं ऑपेरा हाउस १९९३ साली बंद पडलं. जुनं रूप राखून दुरुस्त केलं आणि २०१६ मध्ये पुन्हा उघडलं. आम्ही गावोगावी जीर्णोद्धाराच्या नावाखाली स्लॅब ओततो, गुळगुळीत लाद्या बसवतो. मग पखवाज घुमतो, शब्द विरतो आणि आम्ही आणखी मोठा कर्णा लावतो.

देवळाला पक्कं छप्पर हवं, हे मान्यच. पण पुढच्या बैठकीत नकाशावर सही करण्याआधी गावातल्या एखाद्या दशावताऱ्याला विचारा. आणि आज घरी जाताना सभामंडपात उभे राहून एक टाळी वाजवा. ती किती वेळ घुमते, ते ऐका.