मळभ, मुडदूस आणि चपाती

ग्लासगोत हिवाळ्यात आलेल्या मराठी माणसाला आधीचे लोक दोन गोष्टी सांगतात. छत्री घेऊ नकोस, वाऱ्याने उलटते. आणि ‘ड’ जीवनसत्त्वाची गोळी सुरू कर. २०१६ पासून तर सरकारी सल्लाच आहे की, थंडीच्या महिन्यांत सगळ्यांनीच रोज १० मायक्रोग्रॅम ‘ड’ घेण्याचा विचार करावा. या साध्या गोळीमागे एक जुनं भांडण आहे.

हाडं मऊ पडून मुलांचे पाय वाकतात, त्या आजाराला आपण मुडदूस म्हणतो. फ्रान्सिस ग्लिसनने १६५० मध्ये त्यावर ग्रंथ लिहिला. युरोपात त्याला ‘इंग्रजी आजार’ असंच नाव पडलं होतं. आधीच मळभ, त्यात कारखान्यांचा धूर. जपानमध्ये मिशनरी डॉक्टर असलेल्या थिओबाल्ड पामने १८९० मध्ये लिहिलं की, ऊन भरपूर तिथे मुडदूस कमी. फारसं कोणी ऐकलं नाही. १९१९ मध्ये बर्लिनच्या कुर्ट हुल्डशिन्स्कीने अतिनील दिव्याखाली मुलं बरी करून दाखवली, तेव्हा गोष्ट पटली.

ब्रिटनमध्ये गरीब आयांना दोष देऊन झाला होताच. पण शेवटी उपाय अन्नातूनच आला: १९४० पासून मार्गारिनमध्ये ‘ड’ घालणं सक्तीचं झालं, मुलांना कॉडलिव्हर ऑइल मिळू लागलं. मुडदूस संपला असं वाटलं.

१९६०च्या दशकात ग्लासगोतच तो पुन्हा दिसला, भारत-पाकिस्तानातून आलेल्या कुटुंबांत. आता बोट कशाकडे? चपातीकडे, शाकाहाराकडे, अंगभर कपड्यांकडे. मार्गारिनसारखं चपातीच्या पिठातही ‘ड’ घाला, अशी मागणी झाली. १९८० मध्ये सरकारी समितीने ती नाकारली. पुढच्या वर्षीच्या देशव्यापी मोहिमेचा एक सूर होता: तुम्ही इथल्यासारखं खायला शिका. म्हणजे गोऱ्यांसाठी अन्न बदललं, आणि आपल्या लोकांना म्हटलं, तुम्हीच बदला! ग्लासगोने मात्र १९७९ पासून दक्षिण आशियाई मुलांना ‘ड’ फुकट वाटलं होतं, आणि तिथे मुडदूस खूपच कमी झाला. चपाती होती तिथेच राहिली.

तुम्ही म्हणाल, आपल्याकडे बाळाला कोवळ्या उन्हात धरतात, तसं इथेही करावं. पण डिसेंबरात ग्लासगोचा सूर्य भर दुपारीही क्षितिजापासून जेमतेम ११ अंश वर येतो. इतक्या तिरक्या किरणांतला ‘ड’ तयार करणारा भाग वातावरणातच अडतो. त्यामुळे मळभ हटलं तरी भागत नाही. इथलं हिवाळ्यातलं ऊन दिवसभर कोवळंच असतं. ते कधी तापतच नाही. त्यात दोष ना आईचा, ना चपातीचा. म्हणून इथे बाळंतपणाला येणाऱ्या आज्यांना मी एवढंच सांगतो: तेल लावा, न्हाऊ घाला, पण डॉक्टरांनी दिलेले थेंबही चुकवू नका.