गवताची किंमत

श्रावणात मीरा रोडच्या एखाद्या सोसायटीची बाग माळ्याविना राहिली की गवत गुडघ्याला लागते. टाकळा उगवतो, लव्हाळा घुसतो, कोपऱ्यात गाजरगवत डोके काढते. मग सभेत वाद: हिरवळ शिल्लक आहे, की सगळे उखडून नवी लावायची?

निकाल उंचीवर नव्हे, मुळांवर लागतो. ओंजळभर माती उकरल्यावर हरळीच्या पेरापेरांच्या मुळ्यांचे जाळे हाती आले, तर हिरवळ शाबूत आहे. नुसत्या लव्हाळ्याच्या काळसर गाठी निघाल्या, तर ती गेली. मीरा रोडचा बराच भाग खाजण, मिठागरे आणि भातखाचरांच्या पट्ट्यात भराव घालून वसलेला. खारट जमिनीत नाजूक गवते लवकर पिवळी पडतात, हरळी मात्र तग धरते.

कातरून ठेवायची हिरवळ ही इथली रीत नव्हेच. इंग्लंडात 1830 मध्ये एडविन बडिंगने गवत कापायच्या यंत्राचे पेटंट घेतले. कल्पना सुचली ती गिरणीत कापडावरची लव कातरणाऱ्या यंत्रावरून. तिकडे गवत शोभेसाठी आखूड ठेवत. ठाण्याच्या किनाऱ्यावर ते वाढू देत, कारण त्याला गिऱ्हाईक होते.

इंग्रजी मोजणीत ठाणे जिल्ह्यातल्या जमिनीचे भात, बागायत आणि वरकस असे वर्ग पडले. वरकस जमीन परक्याला ओसाड दिसे. पण तिथे नाचणी-वरी पिके, राबासाठी, म्हणजे भाताच्या रोपांची जागा भाजायला, पालापाचोळा मिळे आणि पाऊस सरला की गवत. मुंबईत 1874 ते 1905 घोड्यांच्या ट्राम धावल्या. ते घोडे, व्हिक्टोरिया गाड्यांचे घोडे, तबेल्यांतल्या म्हशी, साऱ्यांना चारा लागे आणि ठाणे जिल्ह्यातून तो शहरात जाई.

कापणाऱ्याच्या पदरात काय पडे, हा प्रश्न 1945 मध्ये धसास लागला. तेव्हाच्या ठाणे जिल्ह्यातल्या डहाणू-उंबरगावच्या वारली आदिवासींनी शामराव आणि गोदावरी परुळेकरांच्या नेतृत्वाखाली पाचशे पौंड गवत कापण्याचे अडीच रुपये मागितले आणि संप पुकारला. बागांच्या इतिहासात लॉर्ड-लेडींची नावे भरपूर असतात. गवताच्या इतिहासात जेठ्या गांगडचे नाव आधी यायला हवे. 11 ऑक्टोबरला तलवाड्याला जमलेल्या वारल्यांवर पोलिसांनी गोळीबार केला, त्यात तो मारला गेला. तरी संप मोडला नाही. गोदावरीबाईंनी हा लढा ‘जेव्हा माणूस जागा होतो’ या पुस्तकात लिहून ठेवला आहे. 1972 चा साहित्य अकादमी पुरस्कार त्यालाच मिळाला.