एडिट केलेल्या फोटोचे रंग अपलोड केल्यावर फिके का पडतात?

हळदीसाठी ओळखल्या जाणाऱ्या हिंगोली जिल्ह्यातल्या आखाडा बाळापूरचा एखादा शेतकरी आपल्या मालाचा फोटो टाकतो. फोटोशॉपमध्ये पिवळीधमक दिसणारी हळद मोबाइलवर फिकी दिसते. ग्राहक फोटो पाहूनच मालाचा अंदाज बांधत असेल, तर हा फरक महागात पडतो.

कारण काय?
फोटोतले रंग आकड्यांत साठवलेले असतात. त्या आकड्यांचा अर्थ कलर प्रोफाइल सांगते. १९९६ मध्ये एचपी आणि मायक्रोसॉफ्टने मांडलेले एसआरजीबी वेबवर सर्रास चालते. १९९८ च्या ॲडोबी आरजीबीत त्याहून भडक रंग मावतात. अशा फोटोचे प्रोफाइल ॲपने वाचलेच नाही, तर तेच आकडे एसआरजीबी समजले जातात आणि रंग उतरतो.

काय कराल?
- 'एडिट' मेनूत 'कन्व्हर्ट टू प्रोफाइल' निवडून एसआरजीबी करा. 'असाइन प्रोफाइल' नको. त्यात आकडे तेच राहतात, दिसणारा रंग बदलतो.
- 'एक्स्पोर्ट ॲज'मध्ये 'कन्व्हर्ट टू एसआरजीबी' आणि 'एम्बेड कलर प्रोफाइल' या दोन्हींवर टिक करा.
- सगळेच फोटो पिवळट दिसतात? आधी स्क्रीनचा नाइट लाइट बंद करा. मग विंडोजच्या कलर मॅनेजमेंटमध्ये मॉनिटरचे प्रोफाइल तपासा.

पोस्ट करण्याआधी फोटो दुसऱ्या मोबाइलवर उघडा आणि शेजारी खरे हळकुंड ठेवून रंग ताडून पाहा.