खासदारकीची मुदत आणि औरंगाबादचा अनुभव

खासदार पाच वर्षांसाठी निवडला जातो, असे आपण सहज म्हणतो. राज्यघटनेच्या ८३व्या कलमात मात्र मुदत सांगितली आहे ती सभागृहाची, सदस्याची नव्हे. लोकसभा आधी विसर्जित झाली नाही, तर पहिल्या बैठकीपासून पाच वर्षे चालते आणि ती मुदत संपताच आपोआप विसर्जित होते. सभागृह गेले की खासदारकीही जाते. पोटनिवडणुकीत निवडून आलेल्याच्या वाट्याला तर उरलेला काळच येतो.

या तरतुदीचा अर्थ औरंगाबादने दोन्ही टोकांनी अनुभवला आहे. १९७१ साली येथून माणिकराव पालोदकर निवडून आले. आणीबाणी जारी असताना संसद कायद्याने ही मुदत एका वेळी एक वर्षापर्यंत वाढवू शकते. १९७६ मध्ये ती दोनदा वाढविण्यात आली. परिणामी १८ जानेवारी १९७७ रोजी विसर्जित झालेली पाचवी लोकसभा सुमारे पाच वर्षे दहा महिने टिकली आणि मतदारांना आपला कौल देण्यासाठी तेवढे थांबावे लागले. उलट १९९८ मध्ये विजयी झालेले रामकृष्णबाबा पाटील यांना जेमतेम तेरा महिने मिळाले; वाजपेयी सरकार एका मताने पडले आणि २६ एप्रिल १९९९ रोजी बारावी लोकसभा विसर्जित झाली. किती वेळा निवडून यावे, याला मात्र मर्यादा नाही. त्यानंतर चंद्रकांत खैरे सलग चार वेळा लोकसभेवर गेले.

शहराचे नाव आता छत्रपती संभाजीनगर असले, तरी २०२४ ची निवडणूकही 'औरंगाबाद' याच मतदारसंघाच्या नावाने झाली. कन्नड, वैजापूर, गंगापूर आणि शहरातील मध्य, पूर्व व पश्चिम असे सहा विधानसभा मतदारसंघ त्यात येतात. सिल्लोड, फुलंब्री व पैठणचे मतदार जिल्ह्यातले असूनही जालन्याचा खासदार निवडतात.

सर्वाधिक मते मिळविणारा विजयी, निम्म्याहून अधिक मतांची अट नाही, हा लोकसभेचा नियम. २०१९ मध्ये इम्तियाज जलील ४,४९२ मतांनी विजयी झाले, तेव्हा त्यांना एकूण मतांच्या एक तृतीयांशाहूनही कमी मते होती. मते प्रामुख्याने जलील, खैरे आणि अपक्ष हर्षवर्धन जाधव यांच्यात विभागली गेली होती.

राज्यसभेत सामान्य मतदाराला थेट मत नाही. महाराष्ट्राच्या १९ जागा विधानसभेचे आमदार पसंतीक्रमाच्या मतांनी भरतात. सदस्याची मुदत सहा वर्षांची असते, दर दोन वर्षांनी सुमारे एक तृतीयांश सदस्य निवृत्त होतात आणि हे सभागृह कधीही विसर्जित होत नाही. शहराचे माजी महापौर डॉ. भागवत कराड २०२० मध्ये याच मार्गाने गेले. त्या वेळी जागा सात आणि उमेदवारही सातच उरल्याने आमदारांनाही मतदान करावे लागले नाही.