चोरून नेलेला मित्र

लंडनच्या ब्रिटिश म्युझियममध्ये एक दगडी पुतळा उभा आहे. उंची जवळजवळ अडीच मीटर, वजन सुमारे चार टन. जड भुवया, लांब नाक, घट्ट मिटलेले ओठ. म्युझियमच्या दप्तरी नोंद आहे की, १८६९ साली व्हिक्टोरिया राणीने तो भेट दिला. नोंद खोटी नाही. पण राणीला तो कोणी दिला? नौदलाने. आणि नौदलाला? इथे उत्तर अडखळतं.

पुतळा मूळचा रापा नुईचा. चिलीच्या किनाऱ्यापासून साडेतीन हजार किलोमीटरहून दूर, प्रशांत महासागरात हे छोटंसं बेट आहे. १७२२ साली रोखेवेन हा डच दर्यावर्दी ईस्टरच्या दिवशी तिथे पोचला, म्हणून भूगोलाच्या पुस्तकात त्याचं नाव ईस्टर आयलंड पडलं. बेटावर असे शेकडो पुतळे आहेत. त्यांना मोआई म्हणतात. बहुतेक मोआई ज्वालामुखीच्या राखेपासून झालेल्या मऊ दगडातले. हा मात्र बसाल्टचा. आपल्या सह्याद्रीचा काळा कातळ याच जातीचा. लोखंडी हत्याराशिवाय तो कोरायचा म्हणजे काय कष्ट, ते लेणी पाहिलेल्या माणसाला सांगायला नको.

मोआई म्हणजे वाडवडील. त्यांच्या डोळ्यांच्या खोबणीत पांढऱ्या पोवळ्याचे डोळे बसवत; असा एक डोळा १९७८ साली उत्खननात सापडला. डोळे बसले की पुतळ्यात पूर्वजाची शक्ती येते, अशी श्रद्धा होती. पुढे बेटावर पक्षिमानवाचा पंथ आला. समोरच्या मोतू नुई या खडकाळ बेटावरून समुद्रपक्ष्याचं हंगामातलं पहिलं अंडं पोहत जाऊन आणायचं. ज्याच्या माणसाने ते आणलं, तो त्या वर्षीचा पक्षिमानव. या पुतळ्याच्या पाठीवर त्याच पंथाची चिन्हं कोरलेली आहेत. म्हणजे जुन्या श्रद्धेचा दगड नव्या श्रद्धेने फोडला नाही, जवळ केला. ओरोंगो गावातल्या एका दगडी घरात तो अर्धा जमिनीत पुरून उभा होता.

मग १८६२ साल उजाडलं. पेरूहून गुलामांच्या शोधात जहाजं आली आणि सुमारे दीड हजार माणसं धरून नेली, असा अंदाज आहे. बहुतेक तिकडेच मेली. जे थोडे परतले, त्यांच्याबरोबर देवी आली. जाणती माणसं गेली. कोरीव लिपी वाचणारे गेले. मिशनरी आले आणि उरलेल्यांनी नवा धर्म घेतला. पुढे काही जण बेट सोडून गेले. १८७७ साली मोजदाद झाली, तेव्हा बेटावर उरले होते १११ जण.

नेमक्या याच काळात, १८६८ च्या नोव्हेंबरात, टोपाझ हे ब्रिटिश युद्धजहाज तिथे लागलं. पुतळा खणून काढला, डोंगरावरून ओढत आणला आणि तराफ्यावर घालून जहाजापाशी नेला. अंगावर लाल-पांढरा रंग होता, तो समुद्राच्या पाण्यात धुऊन गेला. ओढायला खलाशांबरोबर बेटावरचे लोकही होते. त्यावरून कोणी म्हणेल, मग चोरी कसली? पण ज्या घरात सहा वर्षं तिरड्याच उठत होत्या, त्या घरातल्या माणसाने पाहुण्याला सामान उचलू लागलं, तर ती संमती मानायची का?

बेटावरच्या लोकांनी पुतळ्याचं जे नाव सांगितलं, ते आजही नोंदीत आहे: होआ हाकानानाइआ. त्याचा अर्थ 'चोरलेला मित्र' किंवा 'लपवलेला मित्र' असा देतात.

२०१८ साली रापा नुईचं शिष्टमंडळ लंडनला गेलं. तिथल्या गव्हर्नर तारिता अलार्कोन रापू पुतळा पाहून रडल्या. आम्ही नुसतं शरीर आहोत, आमचा आत्मा तुमच्याकडे आहे, अशा अर्थाचं त्या बोलल्या. म्युझियमची बाजूही आहे. जगभरचे लाखो लोक तिथे पुतळा पाहतात, आणि १९६३ च्या कायद्याप्रमाणे संग्रहातली वस्तू देऊन टाकण्याची मुभा फार थोडी. पण वाटा निघतात. चिलीच्या नौदलाने १८७० साली नेलेला मोआई ताऊ सांतियागोच्या संग्रहालयाने २०२२ साली बेटावर परत पाठवला.

बेटावरचे शिल्पकार बेनेदिक्तो तुकी यांनी तर लंडनला सांगून ठेवलं होतं: हुबेहूब दुसरा पुतळा मी कोरून देतो, तो ठेवा आणि आमचा परत द्या. तसं झालं, तर त्या नव्या पुतळ्यापुढे 'भेट' हा शब्द निःशंक लिहिता येईल. देणारा कोण, हे विचारायची वेळ येणार नाही.